ऑपरेशन ठरल्यावर श्वासाची तयारी

ऑपरेशन ठरलं की घरचे लोक टाक्यांची, रक्ताची आणि खर्चाची चौकशी करतात. फुप्फुसांचं काय, हे सहसा कोणी विचारत नाही. पण पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या ऑपरेशननंतर मुक्काम लांबतो किंवा पेशंटला पुन्हा आयसीयूत हलवावं लागतं, त्यामागे श्वासाचा त्रास हे एक मोठं कारण असतं. यातला बराच त्रास टाळता येतो. त्यासाठी लागणारी मेहनत मात्र दर तासाची आहे, आणि दर तासाला बेडशेजारी असतो तो घरचा माणूस. सिस्टरकडे एका पाळीत अनेक पेशंट असतात. म्हणून हे पेशंटसाठी आहे, आणि त्याच्याजवळ रात्र काढणाऱ्यासाठीही.

आत नेमकं काय बिघडतं

निरोगी माणूस दर पाचेक मिनिटांनी नकळत एक मोठा श्वास घेतो. त्यालाच आपण उसासा म्हणतो. आपण तो दुःखाशी जोडतो, पण शरीरासाठी ते रोजचं काम आहे: फुप्फुसातले मिटत आलेले वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, त्या एका मोठ्या श्वासाने पुन्हा उघडतात. भूल दिली की हे उसासे बंद होतात. त्यातच पेशंट पाठीवर आडवा असतो, स्नायू सैल पडलेले असतात, पोटातले अवयव श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, वर ढकलतात आणि फुप्फुसाचा पाठीकडचा भाग दबून मिटतो. पूर्ण भूल दिलेल्या दहापैकी जवळपास नऊ जणांमध्ये थोडाफार भाग असा मिटतो.

हर्नियासारख्या छोट्या ऑपरेशननंतर तो बहुधा दिवसभरात आपोआप उघडतो. बरगड्यांच्या जवळ, म्हणजे पोटाच्या वरच्या भागात मोठा छेद असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खोल श्वास घेतला की टाके ओढतात, म्हणून पेशंट वरवरचा श्वास घेतो. पहिल्या दिवशी त्याची श्वासाची क्षमता जवळपास निम्मी झालेली असते आणि पूर्ववत व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. खोकला दुखतो, म्हणून तो दाबला जातो. दाबलेल्या खोकल्यामागे कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास ताप येऊन न्यूमोनिया उघड होतो. दुखणं थांबवणारी अफूवर्गीय औषधं, म्हणजे मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल, गरजेचीच असतात, पण तीही उसासे आणि खोकला मंद करतात.

खाली सांगितलेले व्यायाम म्हणजे हरवलेले उसासे हाताने परत आणणं आहे. हे लक्षात आलं की ते कंटाळवाणे वाटत नाहीत.

आधीच्या आठवड्यांत

विडी-सिगारेट आजच थांबवा. शेवटच्या सिगारेटनंतर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड काही तासांत उतरू लागतो, त्यामुळे एक दिवस आधी सोडली तरी रक्त प्राणवायू जास्त नेऊ शकतं. श्वासनलिकांमधला कफ वर ढकलणाऱ्या बारीक केसांना सावरायला मात्र आठवडे लागतात. फुप्फुसाच्या गुंतागुंती खऱ्या अर्थाने कमी व्हायला किमान ४ आठवडे हवेत. ‘ऑपरेशनच्या तोंडावर सोडली तर कफ उलट वाढतो’ असं अनेक जण सांगतात आणि त्या सबबीवर ओढत राहतात. त्या भीतीला आधार नाही. जेव्हा सोडाल तेव्हा फायदाच आहे.

गुटखा, सुपारी, खर्रा खाणाऱ्यांनी एक तपासणी घरीच करावी. आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी ठेवून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून बघा. तिन्ही बोटं आरामात गेली तर ठीक. दोनच गेली, किंवा गालाच्या आतून ताठ दोरीसारखे पट्टे लागले, तर हे भूलतज्ज्ञांना पहिल्या भेटीतच सांगा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी सुपारीमुळे तोंड न उघडणारे पेशंट आजही येतात. पूर्ण भूल देताना श्वासाचे स्नायूही औषधाने सैल केले जातात, त्यामुळे लगेच श्वासनलिकेत नळी घालून श्वास द्यावा लागतो. तोंड उघडत नसेल तर नेहमीच्या पद्धतीने ती नळी जात नाही. आधी कळलं तर पेशंट जागा असतानाच नाकातून लवचिक दुर्बिणीवर नळी घालता येते आणि सगळं सुरळीत होतं. आयत्या वेळी कळलं तर जिवावर बेततं. वडीलधाऱ्यांसमोर किंवा सासरच्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना ‘दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय’ म्हणा. पण लपवू नका.

घोरण्याचंही तसंच. टोरंटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चंग यांनी २००८ मध्ये आठ प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली, ती आता जगभर वापरतात. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं घोरता का? दिवसा थकवा आणि झापड असते का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का? रक्तदाब आहे का? बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ च्या वर आहे का? वय ५० च्या वर? मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त? पुरुष आहात का? तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर भूलतज्ज्ञांना सांगा. पाच किंवा जास्त असतील तर झोपेत श्वास अडण्याचा आजार असण्याची शक्यता बरीच आहे. घोरण्याची उत्तरं पेशंटला स्वतःला ठाऊक नसतात, ती शेजारी झोपणाऱ्याला विचारावीत. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन वापरत असाल तर ते मास्कसकट हॉस्पिटलात न्या. ऑपरेशननंतरच्या रात्री त्याची गरज नेहमीपेक्षा जास्त असते.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. दम्याचा पंप ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही घ्यायचा आणि बरोबर न्यायचा. हलणारा दात, कवळी, टोपी घातलेला दात सांगायचा, कारण निखळलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. साखरेसाठी किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइडच्या जातीचं औषध चालू असेल तर आठवणीने सांगायचं, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं. नेलपॉलिश आणि नखांवरची गडद मेंदी काढायची, रक्तातला प्राणवायू टक्क्यांत दाखवणारा बोटावरचा ऑक्सिमीटर त्यामुळे चुकू शकतो. पूर्वी भुलेत काही त्रास झाला असेल, स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात, तर जुने कागद दाखवायचे.

लहान मुलाला सर्दी, खोकला, ताप असेल तर ‘तारीख मिळाली आहे, आता कशाला बोलायचं’ असं करू नका. सर्दीने श्वासमार्ग चिडलेला असतो. भुलेच्या सुरुवातीला किंवा जागं होताना स्वरयंत्र अचानक आवळून बंद होण्याचा धोका अशा मुलांत वाढतो. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर तो आणखी वाढतो. तातडी नसेल तर डॉक्टर दोन ते चार आठवडे तारीख पुढे ढकलतात.

उपाशी राहण्याचे तास

न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ६६ जणींच्या बाबतीत भुलेत असताना पोटातलं अन्न किंवा आम्ल फुप्फुसात गेलं होतं. भुलेत गिळण्याची आणि ठसक्याची प्रतिक्रिया राहत नाही, त्यामुळे पोटातून वर आलेलं सरळ श्वासनलिकेत उतरतं. आम्ल फुप्फुसाला भाजतं आणि घास नळी बंद करतो. उपासाचे नियम त्यासाठी आहेत.

सर्वसाधारण नियम असा: साधं पाणी किंवा ज्याच्या आरपार दिसतं असं पेय २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४ तास, वरचं दूध आणि हलका आहार ६ तास, तळलेलं, तुपकट, मटण-चिकन असं जड जेवण ८ तास. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा चहाचा होतो. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, तो दुधात धरायचा, ६ तास. साबुदाण्याची खिचडी ‘उपासाची’ असली तरी शेंगदाणे-तुपामुळे जड जेवणातच येते.

उलट चूकही होते. दुपारी २ चं ऑपरेशन आणि पेशंटला आदल्या रात्री १० पासून पाण्याचा थेंब नाही. त्याने तोंड आणि कफ सुकतो, म्हातारी माणसं गळून जातात. ‘पाणी किती वाजेपर्यंत चालेल?’ हे घड्याळातल्या वेळेनिशी विचारून लिहून घ्या. मधुमेहींनी गोळी आणि इन्सुलिनचंही त्याच वेळी विचारावं. आणि चुकून दोन घास पोटात गेले असतील तर ते सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर

मेडिकलच्या दुकानात मिळणारं, तीन उभ्या नळ्यांत एकेक चेंडू असलेलं हे यंत्र. बरेच लोक त्याला ‘फुंकायचं यंत्र’ म्हणतात आणि मग खरोखर त्यात फुंकतात. फुंकून काहीच साधत नाही. हवा आत ओढायची आहे, ताक स्ट्रॉने ओढतो तशी.

ते ऑपरेशननंतर विकत आणण्यापेक्षा आधी आणा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचे ४४१ पेशंट होते. त्यातल्या निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपिस्टने फक्त ३० मिनिटं श्वासाचे व्यायाम आणि त्यामागचं कारण समजावून सांगितलं, बाकीच्यांना माहितीचं पत्रक दिलं. नंतर फुप्फुसाच्या गुंतागुंती पत्रकवाल्यांत २७ टक्के, तर शिकवलेल्यांत १२ टक्के दिसल्या. त्या अर्ध्या तासात यंत्रही नव्हतं, साधे खोल श्वास आणि खोकला होता. भुलेतून उठलेल्या, दुखणाऱ्या, गुंगीतल्या माणसाला नवीन काही शिकवणं जमत नाही. अंगवळणी पडलेलं मात्र तो करू शकतो. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच फिजिओथेरपिस्टची भेट मागा.

पद्धत अशी. पेशंटला जमेल तितकं ताठ बसवा, शक्यतो खुर्चीत. यंत्र डोळ्यांच्या पातळीवर, अगदी सरळ धरा. तिरपं धरलं तर चेंडू फुकट वर चढतात आणि नोंद खोटी होते. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ नळीभोवती घट्ट मिटा. मग सावकाश हवा आत ओढा, चेंडू वर गेला की ओढत राहा, ओढणं संपल्यावर नळी काढून ३ ते ५ सेकंद श्वास आत धरा आणि हळू सोडा. मध्ये दोन-तीन साधे श्वास घ्या. असे १० श्वास, जागेपणी दर तासाला. चक्कर आली किंवा ओठांना मुंग्या आल्या तर घाई होते आहे असं समजा, थांबा, आणि पुढच्या वेळी दोन श्वासांमध्ये जास्त विश्रांती द्या.

तिन्ही चेंडू झटक्यात उडवण्याची शर्यत लावू नका. या यंत्रावर पहिला चेंडू सेकंदाला ६०० मिली, दोन चेंडू ९०० आणि तिन्ही १२०० मिली वेगाला चढतात. म्हणजे ते वेग दाखवतात, किती हवा आत गेली ते नाही. तिन्ही चेंडू अर्धा सेकंद उडवले तर आत गेली ६०० मिली. एकच चेंडू ३ सेकंद वर टिकवला तर गेली १८०० मिली, तिप्पट. मिटलेले वायुकोश हळूहळू आणि टिकून राहिलेल्या दाबाने उघडतात, झटक्याने नाही. भेटायला आलेले लोक ‘तीनही उचल बघू’ म्हणून चेव देतात, त्यांना थांबवा.

ऑपरेशनच्या आधी एक चेंडू किती सेकंद टिकतो ते मोबाइलवर मोजून लिहून ठेवा. नंतर पहिल्या दिवशी तो आकडा निम्म्यावर आलेला असेल. रोज थोडा वाढायला हवा. वाढत असलेला आकडा एकदम घसरला तर ते राउंडवर आलेल्या डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. तोंडात धरायचा भाग रोज कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. यंत्र दुसऱ्या पेशंटला वापरायला देऊ नका.

यंत्र नसेल तरी काही अडत नाही. हात बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवून, हात बाहेर ढकलला जाईल इतका खोल श्वास, तीन सेकंद थांबणं, सोडणं, असे दहा, दोनदा.

खोकायचं कसं

टाके तुटतील या भीतीने लोक खोकत नाहीत. आधार देऊन खोकल्याने नीट घातलेले टाके तुटत नाहीत. घट्ट उशी किंवा चार घड्यांची चादर आधीच बेडवर ठेवा.

बसून, जमल्यास पाय स्टुलावर टेकवून, उशी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट मिठीत घ्या. तीन खोल श्वास घ्या. चौथा घेऊन क्षणभर थांबा आणि उशी आणखी आवळत, त्याच एका श्वासात दोनदा जोरात खोका. कफ आला तर थुंका, गिळू नका, आणि रंग बघा. पांढरट-पारदर्शक ठीक. पिवळा-हिरवा, घट्ट किंवा रक्ताळलेला असेल तर सांगा.

खोकला फारच दुखत असेल तर ‘हाः’ करा: चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसं, तोंड उघडं ठेवून पोटातून जोरात हवा बाहेर टाकायची. दोन-तीन ‘हाः’ झाले की कफ वर सरकतो आणि शेवटी एक छोटा खोकला पुरतो.

वेळ साधणं महत्त्वाचं. दुखण्याचं इंजेक्शन दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने, गोळी घेतली असेल तर पाऊण ते एक तासाने हे सगळं करा. दुखणं सोसण्यात शौर्य नाही. जो पेशंट दुखतंय म्हणून सांगत नाही, त्याचंच फुप्फुस आधी मिटतं. खोल श्वास घेता येण्याइतपत दुखणं कमी असायला हवं, आणि तसं नसेल तर सिस्टरला नेमकं हेच वाक्य सांगा: ‘दुखण्यामुळे खोल श्वास घेता येत नाहीये.’

डोळ्याचं, कानाचं, मेंदूचं ऑपरेशन असेल तर जोरात खोकणं वर्ज्य असू शकतं. तिथे आधी सर्जनना विचारा.

उठवणं, बसवणं, तोंड धुणं

वरच्या श्वासव्यायामांइतकंच, कदाचित जास्तच, काम चालण्याने होतं. परवानगी मिळाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बेडवरून उतरवा. सरळ उठवू नका, पोट ओढलं जातं: कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, कोपराने रेटत बसवा, दोन मिनिटं बसू द्या, चक्कर नाही ना बघा, मग उभं करा. लघवीची पिशवी आणि ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी-पिशवी) कमरेच्या खालीच राहू द्या. दिवसातून किमान तीनदा खुर्चीत आणि दाराबाहेर चार पावलं. झोपलेला असताना बेडची डोक्याकडची बाजू ३० अंश किंवा त्याहून वर ठेवा, डॉक्टरांनी सपाट झोपवायला सांगितलं नसेल तर.

सकाळ-रात्र दात घासणं हेसुद्धा न्यूमोनिया टाळण्याचं काम आहे, कारण घाणेरड्या तोंडातली लाळ झोपेत थेंब-थेंब खाली उतरते. चहा-पाणी पूर्ण जागा असताना, ताठ बसवून, लहान घोटांनी. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात मायेने चमचाभर तीर्थही घालू नका.

‘शांत झोपलाय’ म्हणजे काय

ऑपरेशननंतरच्या रात्री नातेवाईक सर्वांत जास्त फसतात ते इथे. दिवसभर कण्हणारा माणूस अखेर झोपतो, घोरू लागतो, आणि सगळ्यांना हायसं वाटतं. अफूवर्गीय औषध जास्त झालं तर आधी माणूस गुंगतो, मग श्वास मंदावतो. गुंगी ही पहिली पायरी आहे आणि ती झोपेसारखीच दिसते.

दर तासाला दोन गोष्टी बघा. एक, श्वास मोजा. त्याला न सांगता, नाडी बघतोय असं दाखवून, छातीकडे लक्ष ठेवून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, अनियमित श्वासात ते चुकतं. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० ठीक. १० च्या खाली किंवा २५ च्या वर गेला तर लगेच सिस्टरला सांगा. ८ किंवा कमी असेल तर थांबू नका: जोरात हाक मारा, खांदा हलवा, हनुवटी वर उचला आणि ओरडून मदत बोलवा.

दोन, हाक मारून बघा. साधी झोप असेल तर डोळे उघडून एक पूर्ण वाक्य बोलेल, वैतागेल सुद्धा. बोलता बोलता मध्येच पुन्हा डोळे मिटत असतील तर औषध जास्त झालंय, श्वास अजून बरा असला तरी. हे सिस्टरला तेव्हाच सांगायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. अफूवर्गीय औषध उतरवणारं नॅलॉक्सोन हे इंजेक्शन असतं आणि ते वेळेवर दिलं तर काही मिनिटांत माणूस जागा होतो.

घोरणं, मग पूर्ण शांतता, मग दचकून धाप असं चक्र दिसलं तर श्वासमार्ग अडतोय. कुशीवर वळवा, डोकं उंच करा, कळवा. पहिली रात्र सगळे जागतात. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बेसावध होतात, आणि अशा माणसांत स्वप्नांची गाढ झोप नेमकी त्याच रात्रींत जोराने परत येऊन श्वास जास्त अडतो.

दुखणं थांबवण्याचा बटणाचा पंप लावला असेल तर बटण फक्त पेशंटने दाबायचं. त्याची सुरक्षितताच त्यात आहे: गुंगलेला माणूस बटण दाबत नाही, म्हणून पुढचा डोस जात नाही. झोपेत दुखू नये म्हणून मुलाने किंवा बायकोने बटण दाबलं की ते कुलूपच निघालं. घरून आणलेली झोपेची गोळी, जुनी ट्रॅमाडॉल, दारू, काहीही वर द्यायचं नाही.

ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजनची नळी

निरोगी फुप्फुसाच्या माणसात आकडा ९५ च्या वर असतो. ९२ च्या खाली टिकून राहिला तर कळवा, ९० च्या खाली गेला तर धावा. आकडा अचानक विचित्र आला तर बोट गार आहे का, हात हलतोय का, त्याच हाताला रक्तदाबाचा पट्टा फुगतोय का, नखावर रंग आहे का बघा आणि दुसऱ्या बोटावर लावा. पण पेशंट धापा टाकत असेल तर यंत्र दुरुस्त करत बसू नका. पेशंट खरा, आकडा नंतर.

ऑक्सिजन चालू असताना ९८ दिसलं म्हणजे श्वास ठीक चाललाय असं नाही. ऑक्सिजन देत राहिलं तर श्वास अगदी मंद झाल्यावरही आकडा बराच वेळ चांगला दिसतो, आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि माणूस गुंगत जातो. म्हणून श्वास मोजणं सुटत नाही.

ऑक्सिजन किती सोडायचा ते ठरवणाऱ्या चक्रीला, म्हणजे फ्लो मीटरला, हात लावू नका. जुन्या धूम्रपानाने फुप्फुसं खराब झालेल्या, सीओपीडी असलेल्या काही पेशंटसाठी डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ चा आकडा राखतात. ‘कमी दिसतंय’ म्हणून नातेवाईकाने चक्री फिरवून ऑक्सिजन वाढवला तर अशा माणसाला झोपेत अपाय होतो.

वाट बघायची नाही अशा वेळा

थायरॉइड किंवा मानेचं ऑपरेशन झालंय आणि मान फुगतेय, पट्टी आवळल्यासारखी वाटतेय, आवाज बदललाय, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय: आत रक्तस्राव होऊन श्वासनलिका दबत असू शकते. काही मिनिटांचा खेळ असतो, बेडशेजारीच टाके उघडावे लागतात. सरळ बसवा आणि मोठ्याने मदत बोलवा.

टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मूल झोपेत पुन्हा पुन्हा गिळतंय: रक्त गिळत असेल. टॉर्चने घसा बघायला सांगा. घरी गेल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपासही हे होऊ शकतं.

अचानक दम, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, किंवा एकच पोटरी सुजून दुखणं: पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका. हिप, गुडघा, ओटीपोट, कॅन्सर यांच्या ऑपरेशननंतर धोका जास्त. पोटरी चोळू नका, मालिश तर नाहीच. हे टाळण्यासाठी जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली वीस-तीस वेळा, चालणं, आणि सांगितलेली रक्त पातळ करणारी इंजेक्शनं न चुकवणं.

छोट्या प्रोसिजर

एंडोस्कोपी, दाताचं मोठं काम, लहान मुलाचा एमआरआय अशा वेळी ‘थोडीशी झोपेची सुई’ देतात. उपासाचे नियम तेच, घोरण्याची आणि औषधांची माहिती तितकीच गरजेची. गुंगी खोल देणार असतील तर श्वासावर कोण लक्ष ठेवणार आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाखवणारा कॅप्नोग्राफ आहे का, हे विचारायला संकोच नको. ऑक्सिमीटरपेक्षा तो श्वास थांबल्याचं आधी दाखवतो.

मोठ्यांनी २४ तास गाडी चालवायची नाही, सही करायची नाही, दारू घ्यायची नाही आणि रात्री एकटं झोपायचं नाही. मुलाला घरी नेताना दोन मोठी माणसं हवीत: एक गाडी चालवायला, दुसरं मुलाशेजारी बसायला. झोपलेल्या मुलाची मान छातीवर कलली की श्वासमार्ग दुमडतो. डोकं सरळ, हनुवटी किंचित वर धरून ठेवा. स्कूटरवरून नेऊ नका.

घरी आल्यावर

स्पायरोमीटर आणि चालणं डॉक्टर सांगतील तितके दिवस, मोठ्या ऑपरेशननंतर बहुधा दोन आठवडे. घरातल्या घरात चालताना वाक्य पूर्ण होत नसेल, ताप १०१ च्या वर असेल, कफाचा रंग बदलला असेल, तर दुसऱ्या दिवसावर न ढकलता हॉस्पिटलला फोन करा. ओठ निळसर दिसले, हाक मारूनही नीट जाग येत नसेल किंवा अचानक दम लागला तर १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत शुद्धीत असलेल्याला बसवून ठेवा. शुद्ध हरपली पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि हनुवटी मागे उचलून धरा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करा, मदत येईपर्यंत.